काखेतले पिवळे नकाशे

‘डाग पडणार नाहीत’ असे काखेत लावायच्या घामरोधकाच्या बाटलीवर ठळक अक्षरांत छापणाऱ्यांनी ऑक्टोबरच्या उकाड्यात दादरच्या पुलावरून एकदा तरी चालून दाखवावे! घाम बिचारा रंगहीन असतो. पिवळेपणा येतो तो घाम रोखण्यासाठी घातलेल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांचा घामातील प्रथिनांशी संयोग झाल्यामुळे, म्हणजे ज्या वस्तूसाठी आपण पैसे मोजतो तीच पांढऱ्या शर्टाच्या काखेत पुठ्ठ्यासारखा कडक, पिवळट थर चढवते. वर सल्लागारांचा सुळसुळाट! कोणी ब्लीच ओतायला सांगतो, ज्याने डाग अधिकच पिवळा होतो; कोणी उकळते पाणी सुचवतो, ज्याने तो पक्का बसतो; आणि इस्त्रीवाला तर न पाहताच त्यावर तापलेली इस्त्री फिरवून मोकळा होतो. पांढरे व्हिनेगर घातलेल्या गार पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासले तर डाग फिका पडतो, हे मान्य; पण हे सोपस्कार रोज रात्री कोणी करायचे? लावलेले घामरोधक आधी पूर्ण वाळू द्यावे आणि मगच शर्ट घालावा, असेही सांगतात. सकाळची फास्ट लोकल काय आमच्या काखा वाळेपर्यंत फलाटावर थांबणार आहे? आणि जिथे पावसाळ्यात टॉवेलसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नाही, तिथे काखा वाळणार तरी कशा?