उलट्या टांगलेल्या कोंबड्या आणि ५० रुपयांचा दंड

नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलला थांबले की, दुचाकीच्या दोन्ही बाजूंना पाय बांधून उलट्या टांगलेल्या ब्रॉयलर कोंबड्या दिसतात आणि दर वेळी तितकाच संताप येतो. मांस लवकर भरावे म्हणून निवडक पैदाशीतून या पक्ष्यांची वाढ इतकी वेगवान केलेली असते की, जेमतेम सहा आठवड्यांच्या वयात अनेकींना स्वतःचे वजन पेलून धड चालताही येत नाही. त्यांना शेवटच्या प्रवासात निदान सुलटे ठेवावे, एवढेही आपल्याला जमू नये? अनावश्यक वेदना होतील अशी प्राण्यांची वाहतूक १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवली आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये! तेवढ्यात आज नाशकात मिसळसुद्धा मिळत नाही, मग अडवणार कोण?

याविषयी बोलले की लगेच ‘तुम्ही शाकाहारी का?’ असे विचारले जाते. मुळीच नाही, आणि कोंबड्यांच्या या हालांचा प्रश्न मांस खाणाऱ्याने विचारायचा नाही, तर कोणी विचारायचा? पांजरपोळाला श्रद्धेने देणगी देणारे सज्जनही (आहेत, ओळखीचे आहेत) त्या दुचाकीशेजारी नाकाला रुमाल लावून निर्विकार उभे असतात. कोंबड्या नेण्यासाठी प्लास्टिकचे हवेशीर क्रेट बाजारात सहज मिळतात. दुकानदारांनी ते वापरावेत आणि वाहतूक पोलिसांनी हेल्मेटबरोबर मागे काय लटकले आहे तेही पाहावे.