तोंड लाल, बाकी ठीक

मे महिन्यात नागपुरात सगळ्यांचीच तोंडं लाल असतात, म्हणून तो महिना माझ्या सुखाचा. 45 अंशांत कोण कोणाला विचारतो! खरा त्रास डिसेंबरात. लग्नाचा मांडव, झकास थंडी, सगळे कोट घालून उभे आणि मी एकटा नाक-गाल पेटवून. मग बायकोचे कोणीतरी लांबचे मावसे कानाशी लागतात, ‘जावईबापू, सोय कुठल्या गाडीत आहे?’

मला रोझेशिया आहे. निमित्त मिळालं की चेहऱ्याच्या मधल्या भागातल्या रक्तवाहिन्या फुगतात, कातडी तापते, लाली चढते आणि हळूहळू ती मुक्कामालाच राहते. वर मुरमांसारखे फोड. दारूने तो भडकतो हे खरं, पण थेंबही न घेणाऱ्याला होतो हेही तितकंच खरं. मावशांना मी हे सविस्तर सांगितलं. ते म्हणाले, ‘सगळे असंच सांगतात.’

सावळ्या रंगावर ही लाली चटकन दिसत नाही, त्यामुळे आपल्याकडे अनेकांचं निदानच उशिरा होतं. मी पडलो गोरा. माझ्या रंगाचं आईला फार कौतुक होतं.

‘हा जात नाही, ताब्यात ठेवायचा असतो,’ असं डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं आणि कशाने भडकतो ते रोज लिहून ठेवायला लावलं. माझी ती वही अशी आहे: सोमवार, पोहे, तर्री न घेता, लाल. मंगळवार, पोहे, तर्री घेऊन, लाल. बुधवार, साहेबांनी रजा नाकारली, लाल. गुरुवार, साहेबांनी रजा दिली, जास्त लाल. ऊन, गरम वारा, तिखट, वाफाळतं पेय, व्यायाम, राग, आनंद या सगळ्यांवर वहीत शिक्के बसले. उरलं काय, तर सावलीत बसून दहीभात खाणे, तोही कोणावर न चिडता. सावजी मटणाच्या गावात!

औषधांत आधी मेट्रोनिडाझोलचं जेल झालं, मग आयव्हरमेक्टिनचं 1 टक्क्याचं क्रीम. ती ट्यूब काटोलकडच्या एका शेतकरी मित्राने बघितली आणि तो खो खो हसत सुटला. ‘अबे, हे तर आम्ही गायीला टोचतो, गोचिडांसाठी!’ त्याचंही चूक नाही. डेमोडेक्स नावाचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव बहुतेक माणसांच्या चेहऱ्यावर राहतात. रोझेशियावाल्यांकडे त्यांची गर्दी जास्त असते. हे क्रीम त्यांनाही हाकलतं आणि दाहही कमी करतं. फरक दिसायला मात्र आठवडे लागतात. तोवर शेजारच्या काकू आहेतच. त्यांचं निदान ‘उष्णता’, आणि उपाय सब्जा, गुलकंद, तुरटी, लिंबू. सब्जा-गुलकंद मी आनंदाने खातो. लिंबू चेहऱ्याला लावू देत नाही.

यात एकाच गोष्टीवर मी खरोखर चिडतो, वहीत काय लिहावं लागेल याची पर्वा न करता. ‘हे लावा, आठवड्यात चेहरा साफ,’ म्हणून दुकानातून हातात ठेवली जाणारी ट्यूब. बारीक अक्षरांत बघावं तर बीटामेथासोन. स्टिरॉइडने लाली आधी झटक्यात उतरते, थांबवलं की जोरात उलटते. आणि महिनोन्‌महिने चोपडलं तर रोझेशिया नसलेल्याचाही चेहरा माझ्यासारखा होतो.

सनस्क्रीन बारा महिने, एसपीएफ 30 च्या वरचं, झिंक ऑक्साइडवालं, कारण ते कमी चुरचुरतं. पण पांढरं दिसतं. घाम आला की कपाळावरून ओघळ निघतात. पार्किंगमधला वॉचमन रोज थांबवून विचारतो, ‘साहेब, रंगकाम काढलं का घरी?’

मध्यंतरी एक बातमी हाती लागली. 2018 साली अमेरिकेतल्या 82 हजारांहून जास्त परिचारिकांच्या नोंदी तपासल्या, तर कॉफी जास्त पिणाऱ्यांत रोझेशिया कमी आढळला. मी तडक स्वयंपाकघरात गेलो आणि बंद पडलेला सकाळचा कडक चहा पुन्हा सुरू करण्याची मागणी केली. बायकोने मोबाइल घेतला, चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचलं.

‘कॉफी लिहिलंय. चहाने फरक पडला नाही, असंही लिहिलंय. आणि सगळ्या बायका होत्या.’

आता मी चहा बशीत ओतून, पार कोमट करून पितो. मावशांना वाटतं, उतरवायला घेतोय.