डाइक आहे, मग भीती कसली?

भूकंपात मुंबईतल्या तेलाच्या टाक्यांना असलेल्या धोक्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही जरा लांबणार. "मुंबई म्हणजे जपान नव्हे, आणि प्रत्येक टाकीभोवती डाइक (गळलेलं तेल अडवणारी भिंत) असतोच, उगाच माहुल-शिवडीच्या लोकांना घाबरवू नका," असं तुम्ही म्हणता. तेलाच्या डेपोत उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाचं हे म्हणणं मी हलक्यात घेत नाही, पण पटतही नाही.

मुंबई भूकंपाच्या झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येते. शिवाय केंद्र पायाखालीच असावं लागतं असं थोडंच आहे? १९६७चा कोयनेचा आणि २००१चा भुजचा धक्का इथेही जाणवला होता. टाकीतलं तेल तर लांबच्या मोठ्या भूकंपाच्या संथ लाटांवरच जास्त हिंदकळतं. टाकीचा व्यास ४० मीटर आणि आत १५ मीटर तेल असेल, तर एका हेलकाव्याला साधारण ७ सेकंद लागतात. जमिनीची लय त्याच्याशी जुळली की टाकीचं तरंगतं छप्पर (तेलावरच तरंगणारं झाकण) धोक्यात. २००३ साली जपानमधल्या तोमाकोमाईत हेच घडलं. केंद्र २०० किलोमीटरहून लांब होतं, तरी दोन टाक्या पेटल्या. त्यातली नॅफ्थ्याची (पेट्रोलसारख्या ज्वालाग्राही तेलाची) तर छप्पर बुडाल्यावर, दोन दिवसांनी! मुंबईत तेवढा मोठा भूकंप येईल असं मी म्हणत नाही. लांबचा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, एवढंच.

आता डाइक. त्याची क्षमता धरतात ती आतल्या सर्वांत मोठ्या एका टाकीची. एखादी टाकी गळली तर हा हिशेब चोख आहे. भूकंप मात्र सगळ्या टाक्या, पाइप आणि ती भिंतसुद्धा एकदमच हलवतो. त्यात भराव घातलेली किंवा खाडीकाठची मऊ जमीन असेल, तर भिंत एकीकडे खचते आणि जोड उघडतात. २००५ साली इंग्लंडमधल्या बन्सफिल्डच्या तेल डेपोत भूकंप नव्हता, तरी आगीत भिंतींचे जोड आणि पाइपांभोवतालची भोकं गळलीच.

आणि आपला पावसाळा! डाइकमध्ये साचलेलं पाणी सोडायचं तर पाण्यावर तेलाचा तवंग नाही ना हे आधी बघायचं, मग ड्रेन व्हॉल्व्ह उघडायचा, पाणी गेलं की लगेच बंद करायचा. जुलैत हे किती वेळा करावं लागतं, तुम्हाला मी काय सांगणार. तो उघडा असताना हादरा बसला तर भिंत कितीही उंच असो, तेल गटारात.

आग विझवायचं पाणी आहेच, असंही तुम्ही लिहिलंय. १९९९च्या तुर्कस्तानातल्या भूकंपात इझमितच्या रिफायनरीला पाणी पुरवणारी पाइपलाइनच फुटली होती.

म्हणून जुन्या सहकाऱ्यांना एवढं विचारून कळवाल का? टाकीला जोडलेल्या पाइपांत हलायला वाव ठेवलाय का, आणि आग विझवायच्या पाण्याची टाकी भूकंपाच्या हिशेबाने शेवटची कधी तपासली?