घरातलं भांडण आणि वडीलधारी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही लिहिलंत की घरातल्या भांडणासाठी समुपदेशकाकडे जाणं, पैसे मोजून तिऱ्हाइतापुढे संसार मांडणं म्हणजे घराची अब्रू चव्हाट्यावर आणणं. पूर्वी वडीलधारी समजूत घालत आणि घरं टिकत. तुमची कळकळ पोचली. पण वडीलधारी माणसं भांडणाच्या बाहेर असतात, हे तुम्ही गृहीत धरलंय. मला ते पटत नाही.

आपल्या गोव्यातलं नेहमीचं घर घ्या. नवरा बोटीवर नोकरीला. तो नसताना घर सासू-सून चालवतात. तो सुट्टीवर येतो, गणेश चवथीच्या खर्चावरून बायको बोलते, तो गप्प होतो. गप्प होतो म्हणून ती आणखी बोलते, ती बोलते म्हणून तो उठून आईजवळ जाऊन बसतो. आई समजूत घालायला येते आणि दोघांचा वाद तिघांचा होतो. मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी याला त्रिकोण म्हटलं. तिसरं माणूस आत ओढलं की ताण थोडा हलका होतो, पण मूळ प्रश्न तसाच राहतो. यात त्या माउलीचा दोष नाही. पोटच्या पोराच्या बाबतीत तिनं तटस्थ राहायचं तरी कसं?

समुपदेशक चूक कुणाची ते ठरवत नाहीत, हे चक्र शोधतात. नवऱ्याला विचारतात, "तुम्ही गप्प बसलात की तिला काय वाटत असेल?" सासूबाईंना विचारतात, "या दोघांचं वाजलं की आधी तुमच्याकडे कोण येतं?" उत्तरं सगळ्यांसमोर येतात. त्याचं गप्प बसणं बेफिकिरीचं नसून भांडण वाढेल या भीतीचं आहे, हे बायकोला अनेकदा तिथेच कळतं. मग घरी करून बघायला एखादी साधी गोष्ट देतात : खर्चाचं आधी दोघांनी ठरवायचं, मग आईंना सांगायचं.

तुमच्या म्हणण्यात एक तथ्य नक्की आहे. हे काम फक्त पदवीवाल्यांचं नाही. 1996 साली गोव्यात सुरू झालेल्या 'संगत' संस्थेनं साध्या माणसांना शिकवून नैराश्य आणि दारूच्या व्यसनावर समुपदेशन करायला तयार केलं. ती माणसं आपल्यातलीच, फक्त शिकवलेली आणि त्या घराबाहेरची. पैशांचं म्हणाल तर बांबोळीला सरकारी मनोविकार रुग्णालय आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर फोन मोफत आहे.

मात्र जिथे मारहाण आहे, तिथे दोघांना समोरासमोर बसवू नये. बायको खरं बोलली तर घरी गेल्यावर तिलाच भोगावं लागतं. म्हणून चांगले समुपदेशक प्रत्येकाला आधी एकेकटं भेटतात. अशा घरात समजूत घालायला कुणी वडीलधाऱ्यांनीही जाऊ नये, काका. आधी तिला सुरक्षित जागी न्यावं.