ऑफिस असं सजवा, की माणूस टिकता कामा नये

पहिलं काम काचेचं. गोव्यात, पर्वरीत महामार्गाला लागून जागा बघा, तोंड पश्चिमेला हवं, आणि दर्शनी भिंत वरपासून खालपर्यंत निळ्या काचेची करून टाका. आर्किटेक्ट कुरकुरला तर आर्किटेक्ट बदला. तो सांगेल की काचेच्या इमारती थंड मुलखातल्या, तिथं ऊन घरात आलं तर लोक खूश होतात. सांगू दे. आपल्या पणजोबांनी चिऱ्याच्या हातभर जाड भिंती बांधल्या, वर उंच कौलारू छप्पर, पुढं बसायला सोपे, म्हणजे ओसऱ्या, मधोमध राजांगण, खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं. उजेड आत, ऊन बाहेर. त्यांचा इलाज नव्हता, त्यांच्याकडं एसी नव्हता. पणजीच्या फोंताइन्हास वस्तीतल्या तसल्याच जुन्या घरातल्या एका खोलीसाठी पर्यटक रात्रीचे हजारो रुपये मोजतात म्हणे. मोजू देत. त्यांना कुठं काम करायचंय?

काच बसली की पट्ट्यांचे पडदे येतीलच. ते दुपारी खाली उतरतील आणि पुन्हा वर जाणार नाहीत, कारण एव्हाना दोरी तुटलेली असेल. मग भर दिवसा ट्यूबा पेटवायच्या. बाहेर लख्ख ऊन, आत लख्ख ट्यूब, आणि मधल्या काचेचे हप्ते तुम्ही फेडताय. एखादी खिडकी चुकून झाडांकडं उघडत असेल, तर ती साहेबांच्या केबिनमध्ये घ्या. साहेब महिन्यातले बरेच दिवस मुंबईला असतात, त्यामुळं काच खराब होत नाही.

खिडकीतल्या झाडांचं कौतुक करणारे भेटतील, त्यांचंही ऐकून घ्या. रॉजर उलरिच नावाच्या अमेरिकी संशोधकानं १९८४ साली ‘सायन्स’मध्ये लिहिलं, की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले. कडक वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. आता ‘लवकर घरी गेले’ हे शब्द मालक म्हणून पुन्हा एकदा वाचा. असला धोका आपण का पत्करायचा?

आता एसी. २०२० पासून आपल्याकडं खोलीचा एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतो. सरकारची ही ढवळाढवळ पहिल्याच दिवशी मोडून काढा आणि रिमोट १८ वर आणून कपाटात कुलूपबंद करा. एक अंश वर ठेवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. म्हणजे सहा अंशांचा मान आपण स्वखुशीनं वीज खात्याला देतोय. ऑफिसात किती थंडी असावी याचे जगभरचे ठोकताळे १९६० च्या दशकात बसले, आणि बसले तेही एका चाळीस वर्षांच्या, सत्तर किलोच्या पुरुषाला डोळ्यांसमोर ठेवून. बायकांचं शरीर बसल्याजागी त्याहून कमी उष्णता तयार करतं, म्हणून त्यांना तेच तापमान गार लागतं, असं २०१५ मध्ये दोघा डच संशोधकांनी दाखवलं. तुमच्या अकाउंट्समधली बाय मे महिन्यात, पणजीत, खांद्यावर शाल घेऊन जीएसटी भरत असेल तर ती नखरे करत नाही. तिचं माप घेऊन तो आकडा काढलेलाच नाही, इतकंच. पण तुम्ही तिला ‘बाय, चहा घे ना गरम’ एवढंच म्हणा. आपुलकी दिसते आणि खर्च चहापुरता राहतो.

एसीची खरी गंमत मात्र याहून मोठी आहे आणि ती फार कमी मालकांना ठाऊक असते. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही. आतलीच हवा ओढतो, गार करतो आणि पुन्हा तीच तोंडावर मारतो. बाहेर नळीतून पडतं ते त्याच हवेतलं पाणी. त्यामुळं दारं-खिडक्या बंद, फटींना फोम, बारा माणसं आणि एक स्प्लिट, एवढी सामग्री जमली की उच्छ्वासाचं उत्तम लोणचं मुरतं. मोकळ्या हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड चारशेहून थोडा जास्त असतो. भरलेल्या, बंद मीटिंग रूममध्ये तो तासाभरात हजाराच्या पुढं सहज जातो. हार्वर्डच्या एका गटानं माणसांना अशा वेगवेगळ्या हवेत बसवून निर्णय घ्यायच्या चाचण्या दिल्या. चौदाशेच्या आसपास गेल्यावर त्यांचे गुण, चांगल्या खेळत्या हवेतल्या दिवसांपेक्षा, जवळपास निम्म्यावर आले.

याचा उपयोग करून घ्यायला शिका. कंपनीतली सगळ्यात बंदिस्त, सगळ्यात गुळगुळीत, एकही खिडकी नसलेली खोली ‘बोर्ड रूम’ म्हणून राखून ठेवा आणि वर्षाचं बजेट, पगारवाढ, नवीन शाखा, हे सगळं तिथं दुपारी जेवणानंतर घ्या. सव्वाचारपर्यंत सगळे माना डोलावू लागतात. त्याला एकमत म्हणायचं. जांभया देणाऱ्यांना ‘गोव्याचे लोक सुशेगाद, निवांत’ म्हणून मोकळं व्हा. हे वाक्य बाहेरून आलेल्या साहेबानं म्हटलं तर निरीक्षण ठरतं आणि गोवेकरानं म्हटलं तर विनोद. दोन्ही बाजूंनी एक्झॉस्ट फॅनचे पैसे वाचतात.

बसण्याची व्यवस्था. भिंती पाडा. ओपन ऑफिसची कल्पना १९५० च्या दशकात जर्मनीतल्या दोघा भावांची. त्यांनी टेबलं मोकळी मांडली, पण मधे झाडांच्या कुंड्या, आडोसे आणि आवाज खाणारे गालिचे ठेवले होते. आपण यातलं फक्त ‘मोकळी टेबलं’ घ्यायचं, कारण बाकीच्याला पैसे पडतात. पुढं अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्टनं प्रत्येकाला हवं तसं बदलता येईल असं फर्निचर काढलं, आणि कंपन्यांनी त्याचेच खुराडे करून माणसं कोंबली. या धंद्याची परंपराच अशी आहे. कल्पना आणायची, तिच्यातला महाग भाग सोलून काढायचा, उरलेल्याला आधुनिक म्हणायचं.

मोकळ्या जागेत माणसं एकमेकांशी जास्त बोलतात, असं इंटिरियरवाला छातीठोकपणे सांगेल. २०१८ मध्ये दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांत भिंती काढण्याआधी आणि नंतर लोकांच्या अंगावर यंत्रं लावून मोजलं, तर समोरासमोरचं बोलणं सुमारे सत्तर टक्क्यांनी घटलं होतं आणि ईमेल-मेसेज वाढले होते. साहजिक आहे. ज्या टेबलावरून बॉसला तुमचा स्क्रीन दिसतो, तिथं माणूस कानात हेडफोन खुपसतो आणि शेजारच्यालाही टाइप करून विचारतो, ‘जेवायला येतोस?’

पण माणसाला खासगी बोलावं तर लागतंच. बँकेचा फोन येतो, मुलाच्या शाळेचा येतो, आईच्या रिपोर्टचा येतो. त्यासाठी तुमच्या ऑफिसात एक झकास जागा आपोआप तयार होते: जिना. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर कधी जाऊन उभे राहा. रेलिंगवर चहाचे पेपर कप, कोपऱ्यात फुटलेली फरशी, भिंतीला टेकून टेकून खांद्याच्या उंचीवर पडलेला तेलकट डाग. इथं एकजण गृहकर्जाचा हप्ता पुढं ढकलून घेतोय, खालच्या पायरीवर दुसरी डॉक्टरची वेळ घेतेय, आणि वरच्या वळणावर उभा असलेला तुमचा सगळ्यात हुशार पोरगा हळू आवाजात इंग्रजीत स्वतःची ओळख करून देतोय. तो इंटरव्ह्यू देतोय. पुण्याच्या कंपनीला. तुमच्या जिन्यात, तुमच्या वायफायवर. भिंती पाडून वाचवलेल्या पैशांचं चीज होतं ते नेमकं इथं.

पावसाळ्यासाठी वेगळी तयारी हवी. गोव्यात मोसमात शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो, इथल्या पेपरांत इंचांचं शतक लागलं की बातमी होते. तेव्हा अशा हवेला शोभेलसं भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट घाला. छत्र्यांना स्टँड ठेवू नका, बुटांना जागा ठेवू नका, रेनकोट खुर्चीच्या पाठीवर ठिबकू द्यात. जुलैत कार्पेटला जो वास सुटतो त्यावर लिंबाचा स्प्रे मारला की तो वास लिंबाचा आणि कार्पेटचा असा दुहेरी होतो. कपाटाशेजारच्या भिंतीवर हिरवट बुरशी दिसली तर तिकडं कपाट सरकवा. शिंकणाऱ्यांच्या रजा ‘सिक लीव्ह’मध्ये जातात. त्या फर्निचरच्या खात्यात कोणी लिहीत नाही, हे हिशेबशास्त्राचे आपल्यावर थोर उपकार आहेत.

पँट्रीबद्दल थोडक्यात. जेवायला वेगळी खोली देऊ नका. मायक्रोवेव्ह वर्कस्टेशनच्या रांगेतच ठेवा, एसीच्या बरोबर खाली, म्हणजे बांगड्याचं हुमण गरम झालं की एकाच हवेवर फिरत ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना मिळतं. मग तक्रारी येतील. त्यावर खिडकी उघडायची नाही, नोटीस काढायची: ‘ऑफिसमध्ये मासळी आणू नये.’ गोव्यात. सोमवार आणि गुरुवारी तसंही बऱ्याच जणांचं शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, असतं, उरलेल्या दिवसांचा बंदोबस्त तुम्ही करताय. पगार कमी आहे म्हणून गोवेकर एखादं वर्ष कळ काढेल. नुस्त्यावर, म्हणजे मासळीवर, बंदी आली की तो त्याच संध्याकाळी बायोडेटा उघडतो.

हे सगळं झाल्यावर उरलेल्या पैशांतून ‘गोवन थीम’. रिसेप्शनला होडीच्या आकाराचं फायबरचं टेबल, भिंतीवर निळ्या पोर्तुगीज फरशांचं स्टिकर, कोपऱ्यात खोटा सोपा आणि त्यावर प्लॅस्टिकची बोगनवेल. बसायला बीनबॅग, जिच्यातून चाळिशीपुढचा माणूस आधाराशिवाय उठू शकत नाही. खरी बोगनवेल बाहेर कुंपणावर फुललेली असते, पण पडद्याची दोरी तुटलेली आहे ना. नोकरीच्या जाहिरातीत फोटो मात्र समुद्राचा टाका. ऑफिस वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये असलं तरी समुद्रच टाका. दिल्लीहून पोरं येतात, पहिल्या महिन्यात शॅक शोधतात, दुसऱ्या महिन्यात भाड्याचं घर, तिसऱ्या महिन्यात परतीचं विमान.

कर्मचारी वाढू लागले तर मोजत राहा. पन्नास झाले की कायद्यानं पाळणाघराची सोय करावी लागते. म्हणून एकोणपन्नासवर थांबा. बाळंतपणानंतर कामावर परतलेली, सहा वर्षांचा अनुभव असलेली बाई दोन महिन्यांत सोडून गेली तर ‘घरच्या जबाबदाऱ्या’ असं लिहायचं. जबाबदारी घरचीच होती, आपण कुठं खोटं लिहितोय?

आता कोणी आकडे घेऊन आलाच तर घाबरू नका. जेएलएल या मालमत्ता सल्लागार कंपनीनं एक ढोबळ हिशेब रूढ केलाय: अमेरिकेत दर चौरस फुटाला वर्षाला वीज-पाण्यावर तीन डॉलर, भाड्यावर तीस आणि माणसांवर तीनशे. गोव्यातले आकडे वेगळे असतील, उतरंड तीच. म्हणजे भाड्यात दहा टक्के घासाघीस केली तर तीन वाचतात, आणि कोंदट, गोंगाटाच्या जागेमुळं माणसांचं काम दहा टक्क्यांनी ढेपाळलं तर तीस जातात. दिसतात मात्र फक्त तीन. भाड्याची पावती येते, विजेचं बिल येतं, कॉन्ट्रॅक्टर तर दारात येऊन बसतो. माणूस सोडून गेल्याचं बिल कोणी पाठवत नाही. भरती करणाऱ्या एजन्सीचं कमिशन एचआरच्या खात्यात, आणि ते साधारण वर्षाच्या पगाराच्या बाराव्या हिश्शाएवढं असतं. नव्या माणसाला शिकवताना सीनियरचे गेलेले आठवडे कुठल्याच खात्यात नसतात. जुन्याच्या डोक्यात असलेली गिऱ्हाइकांची माहिती तर तो फुकटात घेऊन जातो. ऑडिटर या कशावरच बोट ठेवणार नाही.

त्यातून वर्षाअखेरीस डायरेक्टरांनी विचारलंच, की इतकी माणसं का जातात, तर उत्तरं तयार ठेवा. हल्लीच्या पिढीला निष्ठा नाही. इथं सगळ्यांना सरकारी नोकरी हवी. पोर्तुगीज पासपोर्ट निघाला की पोरं युरोपात पळतात. तिन्ही उत्तरांत थोडं थोडं सत्य आहे, म्हणून ती इतकी वर्षं टिकली. तुमच्या माणसांपेक्षा तर नक्कीच जास्त.

राहता राहिला एक्झिट इंटरव्ह्यू. तो ऑफिसात घेता येणार नाही, कारण बोर्ड रूममध्ये श्वास घेता येत नाही आणि दार लागेल अशी दुसरी खोली साहेबांची आहे. तेव्हा जाणाऱ्याला खाली गाड्यावर घेऊन जा, दोन रस-आमलेट, म्हणजे रश्श्यातली आमलेटं, सांगा आणि मोकळ्या हवेत बसवा. तो बोलू लागेल. एसीबद्दल, जिन्याबद्दल, मासळीबद्दल, पडद्याच्या दोरीबद्दल, एवढी वर्षं न बोललेलं सगळं, तेही मुद्देसूद आणि फुकट. मान हलवत राहा, पाव बुडवून खा. वर आल्यावर फॉर्मवर ‘वैयक्तिक कारण’ या चौकटीत खूण करा आणि तीच जुनी जाहिरात, तारीख बदलून, उद्याच्या पेपराला पाठवा.