घाणेरी छाटणं वेगळं, काढणं वेगळं

नमस्कार. उद्यानातल्या स्वयंसेवकांच्या कामावर तुमचे आक्षेप असे: उपटलेली घाणेरी (टणटणी, म्हणजे लँटाना हे रान व्यापणारं परदेशी झुडूप) पावसानंतर परत उगवते, तिच्यावर येणारी फुलपाखरं बेघर होतात, जेसीबीचं एका दिवसाचं काम दहा रविवार चालतं, आणि त्यात फोटोच जास्त. पहिला आक्षेप निम्मा मान्य.

घाणेरी परत येते ती बहुतेकदा कोयत्याने वरवर छाटल्यामुळे. खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथून धुमारे फुटतात आणि झुडूप आणखी दाट होतं. म्हणून आधी फांद्या छाटून बुंध्यापर्यंत वाट करायची, भोवतालची माती सारायची आणि या जोडाच्या खाली, जमिनीत साधारण चार बोटं, मुळावर कुदळीचा घाव घालायचा. जोडासकट ठोंब बाहेर आला पाहिजे. तो ओल्या मातीवर टाकला तर पुन्हा जीव धरतो, त्यामुळे मुळं आभाळाकडे करून फांद्यांच्या ढिगावर उलटा ठेवायचा. पावसात माती मऊ असते, पण फळं धरण्याआधी उरकलेलं बरं. फळं असलीच तर झुबके आधी गोणीत खुडायचे, नाहीतर ओढाताणीत आपणच पेरणी करतो.

उरलेला निम्मा दोष बियांचा. पक्षी बी आणून टाकतात, आणि झुडूप गेल्यावर ऊन लागलं की मातीत पडून असलेलं बीही उगवतं. ही रोपं वीतभर असतानाच उपटायला हवीत. दांडा चौकोनी, पानं समोरासमोर, खरखरीत, चुरगळली की उग्र वास. नवखे हात याच फेरीत भलतीच रोपं उपटतात. वास घेतल्याशिवाय उपटायचं नाही, हा नियम कडक ठेवावा. पुढची दोन-तीन वर्षं या फेऱ्या झाल्या नाहीत, तर तुमची तक्रार शंभर टक्के खरी. तेव्हा जेवढ्या जागेवर पुन्हा पुन्हा जाता येईल तेवढीच मोकळी करायची, आणि तिथे लगेच स्थानिक गवत व झुडपं लावायची.

फुलपाखरं घाणेरीवर मध पितात, हे खरं. पण अंडी घालायला त्यांना आपापली झाडं लागतात, कुणाला रुई, कुणाला लिंबाच्या कुळातलं काही. घाणेरीच्या दाट जाळीत तीच झाडं दबतात. सगळी घाणेरी एकदम न काढता पट्ट्यापट्ट्याने काढली, तर मधही एकदम तुटत नाही.

जेसीबीचं म्हणाल, तर तो जाळीत तग धरून असलेली देशी रोपंही खरवडून नेतो, गाडलेलं बी वर आणतो आणि चाकांखाली माती दाबतो. उतारावर तर पहिल्याच पावसात ती वाहून जाते.

फोटो मात्र हवेतच, फक्त माणसांचे नकोत. एक खुंटी ठोकून तिथूनच, त्याच दिशेने, दर वर्षी त्याच महिन्यात एक फोटो घ्यावा. घाणेरी परत आली की नाही, हे त्यात लपत नाही.