झाकली मूठ, बार्बरा हॅमर आणि तलावपाळीवरचा राडा

विषय श्वेताने काढला. ती एडिटर आहे, दिवसभर लग्नांचे नि बिल्डर लोकांचे व्हिडिओ कापते आणि रात्री घरी असलं काहीतरी शोधून बघते जे आमच्यापैकी कोणी आपणहून बघणार नाही. रविवारी तलावपाळीवर आम्ही नेहमीचे चौघं होतो, मी, श्वेता, मन्या (वकील आहे, म्हणजे वाद हा त्याचा धंदाच) आणि बापू, जे बँकेतून रिटायर झाल्यापासून आमच्यातच बसतात. मॅचवरून चाललं होतं, मध्येच ही म्हणाली मी आठवडाभर एकाच बाईच्या फिल्म, डॉक्युमेंट्री बघतेय, डोकं आउट झालंय.

बाई म्हणजे बार्बरा हॅमर. अमेरिकन फिल्ममेकर, जन्म 1939 चा आणि तोही हॉलिवूडमधलाच. आधी थोडं सांगतो नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. शिकली सायकॉलॉजी, लग्न केलं, तिशीपर्यंत लेस्बियन हा शब्द पण कानावर पडला नव्हता असं ती स्वतःच सांगायची. 1970 च्या आसपास ते लग्न मागे टाकून मोटरसायकल आणि सुपर-8 कॅमेरा घेऊन निघाली ती निघालीच. 1974 ला 'डाइकटॅक्टिक्स' नावाची चार मिनिटांची फिल्म केली, झाडाझुडपांत उघड्या बायका, नाचणाऱ्या, एकमेकींना हात लावणाऱ्या, अशा 110 प्रतिमा एकावर एक चढवलेल्या. बायकांचं बायकांवरचं प्रेम एका लेस्बियन बाईनेच पडद्यावर आणलंय अशा अगदी सुरुवातीच्या फिल्म्समध्ये तिची गणती होते. पुढे 2019 ला जाईपर्यंत ऐंशीच्या वर फिल्म केल्या.

बापूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ते ठीक आहे गं पण तू डॉक्युमेंट्री म्हणालीस, यात डॉक्युमेंट्री कुठे आली? ही तर कविता झाली.

तेव्हा श्वेता 'नायट्रेट किसेस'वर आली. 1992 ची, हॅमरची पहिली मोठ्या लांबीची. जुन्या काळी सिनेमाची रीळ नायट्रेटची असायची, ती पेट घ्यायची, नाही पेटली तर पडल्या पडल्या सडायची. नाव तिथून. पन्नाशी ओलांडलेली बाई मागे वळून बघते तर आपल्याआधीच्या अशा माणसांचं काही शिल्लकच नाही, कोणी जाळलं, कोणी फेकलं, कोणी मुद्दाम गाळलं, मग उरलेल्या तुकड्यांचीच फिल्म करायची. त्यात दोन पुरुषांच्या प्रणयावरून हॉलिवूडच्या जुन्या सेन्सॉर संहितेची कलमं सरकत जातात, म्हणजे पडद्यावर काय दाखवायला बंदी आहे ते वाचत वाचत तुम्ही नेमकं तेच बघत असता. आणि सत्तरीकडे झुकलेल्या दोन बायका आहेत, एकमेकींच्या मिठीत, सुरकुत्यांसकट, काहीही न झाकता. इथे बापूंनी चहा जरा जास्तच वेळ फुंकला.

इथपर्यंत सगळं शांत होतं, मग विला कॅथरचं नाव आलं आणि मन्या सुटला. कॅथर ही अमेरिकेतली मोठी कादंबरीकार, 1947 ला वारली, एडिथ ल्युइस नावाच्या बाईबरोबर चाळीसेक वर्षं एका घरात राहिली. लहानपणी नेब्रास्कातल्या रेड क्लाउड गावात केस बारीक कापून स्वतःला विल्यम म्हणवून घ्यायची. मोठेपणी मात्र स्वतःची बरीच पत्रं नष्ट केली असं म्हणतात, आणि जी राहतील ती छापायची नाहीत असं मृत्युपत्रात लिहून ठेवलं. हॅमरच्या फिल्मची सुरुवात हिच्यापासून आहे.

मन्या म्हणाला, बस, इथेच थांब, बाईने लिहून ठेवलंय ना की नको, सही केलीय, मग ही कोण चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी कॅमेरा घेऊन तिच्या घराभोवती फिरणारी? झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ तिची आहे, तुझ्या चळवळीची नाही.

श्वेता म्हणाली पत्रं तिने छापलीच नाहीयेत, फोटो, जागा आणि प्रश्न एवढंच आहे. आणि छापायचं म्हणशील तर ती नंतर छापली, 2013 ला पुस्तक आलं निवडक पत्रांचं, कॅथरचा पुतण्या जो तिच्या मृत्युपत्राचा शेवटचा एक्झिक्युटर होता, म्हणजे त्यातलं पाळलं जातंय ना ते बघणारा, तो 2011 ला गेल्यावर, आणि ते सगळं विद्वान लोकांनी केलं, त्यांना कोणी चळवळवाले म्हणालं नाही. दुसरं म्हणजे तू 'तिचा निर्णय' म्हणतोस तो निर्णय होता का रे? उघड झालं तर नाव, वाचक, घरदार सगळं जायची भीती असेल तर माणूस कागद जाळणारच. त्याला तू प्रायव्हसी म्हणणार?

मन्या म्हणाला भीतीपोटी घेतलेला निर्णय पण निर्णयच असतो, कोर्टात रोज बघतो. मग त्याने जे काढलं ते मला खरंच अनपेक्षित होतं. त्याच्या आजीची एक बहीण, शाळेत शिक्षिका, गिरगावात एका मैत्रिणीबरोबर बिऱ्हाड करून राहायची, दोघीही शेवटपर्यंत बिनलग्नाच्या. घरात सगळ्यांना काय ते माहीत होतं किंवा नव्हतं, कोणी बोलायचं नाही, गणपतीला दोघी मिळून यायच्या, दोघींना एकेक साडी जायची. मन्या म्हणे उद्या कोणी येऊन मला विचारलं की त्यांचं नक्की काय होतं तर मी हाकलून देईन, कारण त्या दोघींनी ते कधी कोणाला सांगितलं नाही आणि त्यांचं काही अडलं पण नाही.

श्वेता म्हणाली त्यांचं अडलं नाही हे तुला कोणी सांगितलं? त्यांनी तर काहीच सांगितलं नाही म्हणतोस.

यावर मन्या गप्प बसला असं वाटलं असेल तर तुम्ही मन्याला ओळखत नाही. पण मध्ये बापूंनी विचारलं की ही बाई फक्त मेलेल्यांच्याच मागे लागलेली का, आणि त्यावरून गाडी 'द फीमेल क्लोजेट'वर गेली. मला विचाराल तर कॅथरपेक्षा हा भाग जास्त महत्त्वाचा आहे. 1998 ची फिल्म, तिघी कलाकार बायका. एक निकोल आयझेनमन, चित्रकार, जिवंत. दुसरी जर्मन कोलाजवाली हाना ह्योख. आणि तिसरी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडची फोटोग्राफर ॲलिस ऑस्टिन.

ऑस्टिनची स्टोरी नीट ऐका. खाडीकाठी घर, श्रीमंत कुटुंब, लहानपणापासून हातात कॅमेरा, आणि हजारो फोटो, तेही काचेच्या निगेटिव्हचा जमाना असताना. 1891 चा एक फोटो आहे त्यात ती आणि दोन मैत्रिणी पुरुषी कपडे घालून, मिशा लावून उभ्या आहेत. 1900 च्या जरा आधी तिला गर्ट्रूड टेट भेटली, 1917 ला गर्ट्रूड त्या घरात राहायला आली. मग शेअर बाजार कोसळला, पैसे बुडाले, 1945 ला घर गेलं, पुढे ऑस्टिनला गरिबांच्या आश्रमात जावं लागलं. 1952 ला गेली. दोघींची इच्छा होती की शेजारी शेजारी पुरावं, घरच्यांनी ते होऊ दिलं नाही. त्या घराचं नंतर म्युझियम झालं आणि तिथे गर्ट्रूड म्हणजे नुसती मैत्रीण. 1994 ला लेस्बियन ॲव्हेंजर्स नावाच्या आंदोलक गटाच्या पोरींनी म्युझियमसमोर जाऊन निदर्शनं केली, आणि हॅमरने फिल्ममध्ये नेमकं हेच धरलं, की आठवण जपायला म्हणून उघडलेलं घरच माणसाला कसं दडवून ठेवतं.

मी म्हणालो मन्या आता तुझी मूठ कुठाय ते सांग. ऑस्टिनने काय लपवलं? स्वतः फोटो काढले, स्वतः मिशा लावल्या, वर त्या फोटोंवर तारीख-वेळ घातली, बाईबरोबर उघड संसार केला, एकत्र पुरा म्हणून सांगितलं. झाकलं ते नातेवाइकांनी आणि नंतर म्युझियमवाल्यांनी. मूठ दुसऱ्याच कोणीतरी तिच्यावर आवळलीय, ती उघडली तर तू बोंब का मारतोस?

मन्या म्हणाला ऑस्टिनचं मान्य. लगेच म्हणाला. (वकील माणूस, हरणारा मुद्दा पटकन सोडतो, पुढचा जिंकता यावा म्हणून.) आणि पुढचा मुद्दा खरंच जबरी होता. त्याने श्वेताकडूनच माहिती काढून घेतली की हॅमरला 2006 ला ओव्हरीचा कॅन्सर निघाला, केमोवर तिने 'अ हॉर्स इज नॉट अ मेटाफर' केली, त्या फिल्मला 2009 ला बर्लिनच्या फेस्टिव्हलमध्ये टेडी अवॉर्ड (एलजीबीटी विषयांवरच्या फिल्मसाठीचं) मिळालं, आणि शेवटच्या वर्षांत ती न्यूयॉर्कमध्ये इच्छामरणाच्या कायद्यासाठी जाहीरपणे लढत होती, 2018 च्या ऑक्टोबरमध्ये व्हिटनी म्युझियममध्ये मरणाच्या कलेवर भाषण दिलं आणि पाच महिन्यांनी गेली. तो कायदा तिच्या हयातीत झाला नाही. बापू म्हणाले आपल्याकडे केईएममधल्या अरुणा शानबागची केस, 2011 चा निकाल, मग 2018 ला कोर्टाने लिव्हिंग विल मान्य केलं, म्हणजे माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवतो ते डॉक्टरांनी ऐकायचं.

झालं, मन्याला तेच पाहिजे होतं. म्हणाला बघा, ही बाई म्हणते माझ्या शेवटाबद्दल मी काय ठरवते ते जगाने मानलं पाहिजे. बरोबर आहे, शंभर टक्के. मग कॅथर बाईने शेवटाबद्दल जे ठरवलं होतं त्याचं काय? स्वतःच्या मरणावर हक्क पाहिजे आणि दुसरीच्या मृत्युपत्राला विचारायचं पण नाही?

दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही, मागे एक पोरगं भेळेसाठी रडत होतं तेवढंच. मी इथे मन्याच्या बाजूने आहे हे सांगून टाकतो. श्वेताचा भीतीवाला मुद्दा खोटा नाही, पण भीती होती म्हणून तिचा नकार आपण आपल्या सोयीने होकार धरायचा हे मला पटत नाही. हॅमरने कॅथर आणि ऑस्टिनला एकाच मापाने मोजलं असं मला वाटतं, आणि त्या दोघी एक नाहीत. एकीने स्वतः दार लावलं होतं, दुसरीला बाहेरून कडी घातली.

श्वेताला हे अजिबात आवडलं नाही. ती म्हणाली तुम्ही एक विसरताय, ही बाई दुसऱ्यांचंच उघडं करत नव्हती. आधी वीस वर्षं स्वतःचं अंग, स्वतःच्या प्रेयसी, मग स्वतःचं टक्कल, सलाइन, केमोनंतरचं शरीर, सगळं फिल्मवर घातलंय. आणि मरायच्या आधी काय केलं? कागदपत्रं येल युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीला दिली, लेस्बियन पोरींच्या प्रायोगिक फिल्मसाठी 2017 ला ग्रँट सुरू केली, आणि अर्धवट राहिलेलं फुटेज दुसऱ्या फिल्ममेकर्सना देऊन टाकलं, की घ्या, तुम्हाला वाटेल ते करा. 1998 ला केप कॉडच्या वाळूत एका झोपडीत एकटी राहून शूट केलेलं तिने कधी एडिटच केलं नव्हतं, ते लिन सॅक्सला दिलं, तिने त्याची 'अ मंथ ऑफ सिंगल फ्रेम्स' केली आणि 2020 ला जर्मनीत ओबरहाउझनच्या शॉर्ट फिल्म फेस्टिव्हलला पहिलं बक्षीस घेतलं. मी एडिटर आहे, मला विचारा, स्वतःचं कच्चं फुटेज दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे काय असतं. माझं टाइमलाइन कोणी उघडून बघितलं तर मला राग येतो.

मन्या म्हणाला जिवंतपणी दिलं ना? स्वतःच्या हाताने? मग मी एवढा वेळ दुसरं काय सांगतोय.

आता हे ऐकून श्वेता चिडायच्या ऐवजी हसायला लागली, कारण खरंच एकाच गोष्टीवर दोघांचा दावा होता. तरी जाता जाता तिने सुनावलंच, की 2017 ला त्या ऑस्टिनच्या घराला सरकारने एलजीबीटी इतिहासाची जागा म्हणून मान्यता दिली, आता तिथे गर्ट्रूड उघड आहे, हॅमर गप्प बसली असती तर? मन्या म्हणाला फिल्म 98 ची आणि मान्यता 2017 ची, मधली 19 वर्षं कोण कोण तिथे खेटे घालत होतं त्यांची नावं तुला माहितीयत का, निदर्शनंवाल्या पोरी तर तिच्या पण आधीच्या, सगळं क्रेडिट कॅमेऱ्याला कशाला देतेस. हा मुद्दा पण बरोबर होता, पण तोपर्यंत साडेदहा वाजून गेले होते आणि चहावाला बाकडी उचलायला लागलेला.

मन्याने विचारलं ती वाळूवाली केवढी आहे? चौदा मिनिटं. मग पाठव, चौदा मिनिटं बघेन मी.

बापू म्हणाले मला ती म्हाताऱ्यांची पाठव. एकटा नाही बघणार, हिला पण दाखवतो.